काढून ठेवलेली वाटी

ती एक स्टीलची वाटी. तिच्याबद्दल मी घरात वेळेवर तोंड उघडलं नाही, म्हणून आता लिहून टाकतो.

मुलीने मैत्रिणीकडून दोन गिनीपिग आणले. दोघेही नर, एक तपकिरी, एक पांढरा. साड्यांच्या पार्सलचा मोठा खोका कापून तिने त्यांचं घर केलं. लपायला दोन खोपटी, पाण्याच्या दोन बाटल्या, दोन वाट्या. परीक्षेला बडोद्याला जाताना बजावून गेली, "पप्पा, यातलं काहीच बदलायचं नाही हं."

मी बदललं. एक वाटी उचलून फडताळात ठेवली. आमच्याकडे भाऊ एका ताटात जेवतात. खानदेशातून निघताना आईने तेवढंच सांगितलं होतं. दादाने मला सुरतेत आणलं, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये चिकटवलं, आणि अजून दर रविवारी नवागामला त्याच्या घरी आम्ही दोन टक्कल पडलेले भाऊ गुडघ्याला गुडघा लावून एका ताटावर बसतो. मग ह्यांचीच काय मिजास?

तपकिरी लगेच घुं-घुं करत, ढुंगण झुलवत पांढऱ्याभोवती फिरायला लागला, वरातीतल्या मामासारखा. मला हसू आवरेना. मग दोघांनी नाकं वर केली, कोणाचं उंच ते बघायला. मग दात कटकटायला लागले. कोथिंबीर टाकली की तपकिरी सरळ वाटीत पाय रोवून उभा. दुपारी मात्र पांढरा झोपायला त्याच्याच पाठीला टेकायचा. आणि एका सकाळी पांढऱ्याच्या कानाला रक्त.

मुलगी यायच्या आत मी वाटी होती तिथे ठेवून दिली.

तिने कान पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "मोठा कोण हे ठरेपर्यंत नर घुमतात, अंगावर चढतात, ते चालतं. पण रक्त काढलं म्हणजे ह्यांचं जमत नाही, पप्पा. पांढरा मोठ्या पप्पांकडे देऊ या."

मी "बरं" म्हणालो.

मोठे पप्पा, म्हणजे माझा दादा, टोपली घेऊन आला. खोक्यात वाकून म्हणाला, "हाई काय शे रे? उंदीर का ससा?" दादाने पांढऱ्याला उचललं, तशी पांढऱ्याने शिट्टीसारखी किंकाळी फोडली. खाली तपकिरी पुठ्ठ्याला पाय लावून उभा राहिला आणि तोही तसाच ओरडायला लागला.

"दादा, ठेव त्याला," मी म्हणालो. "वाटी मी काढली होती."

"पप्पा!"

"भावाभावांत दोन वाट्या... मला बरं दिसेना."

दादा माझ्याकडे वळला. "म्हणजे तू ह्यांना आपल्या रविवारच्या ताटावर बसवलंस?"

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवेना. "आणि मागचे दोन रविवार मी ॲसिडिटी सांगून आलो नाही ना, ती खोटी होती, दादा. वांग्याच्या भरताचा तेल सुटलेला भाग तू कायम तुझ्याकडे ओढतोस."

"मी? अन् भाकरीचा पापुद्रा कोण पळवतं?" दादा टोपली खाली ठेवून मटकन बसला. "माले बी येगळं ताट जोयजे व्हतं रे. तुले वाईट वाटी म्हनीसन बोलनू नही." म्हणजे मला वाईट वाटेल म्हणून तोही वेगळं ताट मागत नव्हता.

मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने फरशी पुसली, कोणाचाच वास नसलेली नवी चटई टाकली आणि मधोमध कोथिंबिरीचा ढीग करून दोघांना सोडलं. थोडं घुमणं झालं, थोडं नाक वर झालं. मग नुसता कोथिंबीर चघळल्याचा आवाज. दादाची टोपली रिकामीच परत गेली.

आता खोक्यात दोन वाट्या भरलेल्या असतात. तपकिरी पांढऱ्याच्या वाटीत पाय रोवतो, पांढरा निवांत तपकिरीच्या वाटीत जेवतो.

नवागामला वहिनीने काही न विचारता दोन ताटं मांडली. आम्ही ऐसपैस बसलो. पहिलाच घास घेतला असेल, बोलता बोलता दादाचा हात माझ्या ताटात आला आणि भरतातली मिरची घेऊन गेला. माझ्या घशात काहीतरी घुं झालं खरं, पण ताट मी मागे ओढलं नाही. त्याच्या भाकरीचा पापुद्रा अजून शाबूत होता.