संग्राहकाची ओळ

रोपं वाळवून चिकटवलेल्या एकेचाळीस कागदांवर मी माझं नाव लिहिलं. ती रोपं मी गोळा केली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही मला ओळखून वाचाल.

लातूरच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, तिथल्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी ती आणली होती. सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण दहावी. कुणा प्राध्यापकांनी टाकून दिलेला लॅटिन शब्दांचा फाटका कोश त्यांनी सुईदोऱ्यानं शिवून घेतला होता. रेणापूरहून बसनं येताना पिशवीत एखादं रोप असायचंच.

एकदा त्यांनी विचारलं, "सर, मुळा सॅटिव्हस, भात सॅटिव्हा, धने सॅटिव्हम. असं का?"

मी एम.एस्सी. मला नुसतं पाठ होतं.

"इशेषण हाय ते. लॅटिन नावाचं लिंग बघून शेपूट बदलतंय. आपलं पिवळा, पिवळी, पिवळं न्हाई का? अर्थ एकच, पेरलेलं. आपोआप उगवलेलं न्हाई." मग हसत, "एवढ्या सरांत एकालाबी इचारावं वाटलं न्हाई म्हणा की!"

मग कॉलेजची तपासणी करायला समिती येणार असं कळलं. आणलेली रोपं मामांनी वाळवून कागदांवर चिकटवली. कागदांवरच्या चिठ्ठ्या मामांनीच लिहिल्या. ‘संग्राहक’ ही ओळ तेवढी कोरी होती.

"सर, हितं कुणाचं नाव घालू?"

"राहू द्या, मी बघतो."

शेवटच्या कागदावर माझं नाव लिहीत होतो तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "शाई वाळू द्या, सर. एकावर एक ठिवू नका," एवढंच म्हणाले.

समितीनं माझं कौतुक केलं. मामा पाण्याचे ग्लास उचलत होते.

पुढं कामात कसूर नाही, पण अर्थ सांगणं थांबलं. विचारलं की म्हणायचे, "पुस्तकात हाय की, सर." आजही बांधावर अनोळखी रोप दिसलं की मी वळून बघतो. कुणी नसतं.

निवृत्तीनंतर ते नांदेडला लेकीकडे गेले. भेटायला म्हणून दोनदा निघालो आणि वाटेत अहमदपूरला उतरून परत फिरलो. तिसऱ्यांदा निघायच्या आतच ते वारल्याचं कळलं.

आमच्या कामात जुनी चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी दुरुस्तीची लावतात. संग्राहक म्हणून मामांचं नाव लिहून एकेचाळीस चिठ्ठ्या लावल्या, त्यांचे फोटो घेतले आणि नांदेडला गेलो.

लेकीनं चहा ठेवला. "बाबा लई सांगायचे तुमचं. आमच्या सरांना एकदा सांगितलं की कळतंय, म्हणायचे." मग फोटो बघत म्हणाली, "ही समदी बाबांनी आणलेली?"

"हो ताई. मी माझं नाव घातलं होतं. त्यांच्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."