आबांची मोटार आणि तिचे दागिने

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतकी चिकित्सा करून वस्तू घेणारा माणूस जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. मंचरला त्यांचा कांदा-बटाट्याचा व्यापार होता. छत्री घ्यायची तर ते दुकानातच उघडून तिच्याखाली उभे राहत आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावत. चपला घेताना पायात घालून बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन येत. तोवर दुकानदार त्यांच्या जुन्या चपला तारण म्हणून जवळ ठेवून घेई. "बैल जुपून बगत्यात, मंग छत्रीनंच काय घोडं मारलंय?" असा त्यांचा सवाल असे.

अशा माणसाने एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमारास मोटार घ्यायची ठरवली. कारण एकच. बहिणीच्या सासूबाईंचे गुडघे धरले होते. त्यांचं माहेर डिंभ्याला, तिथे त्यांची थकलेली आई. बैलगाडीचे हादरे सोसवत नव्हते आणि एसटीत त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून चढवावं लागे. "आईम्होरं पोत्यावानी उतरू व्हय?" म्हणून त्यांनी दोन वर्षं माहेरचं नाव टाकलं होतं.

पुण्याच्या विक्रेत्याकडे नाव नोंदवल्यावर दीड वर्षाने आबांचा नंबर लागला. शनिवारपर्यंत गाडी घ्या, नाहीतर ती पुढच्या गिऱ्हाइकाला जाईल, असं पत्र आलं. सोबत जादा सामानाची यादी होती: रेडिओ, घड्याळ, हीटर, धुक्यातले दिवे, दारापाशी धरायचे चामडी पट्टे. घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

मी पुण्यात नोकरीला, म्हणून मोटारीतला जाणकार ठरलो.

"हिटर कशापायी?"

"गाडीत ऊब राहते, आबा."

"मंचरला? चैतात नुसतं आत बसलं तरी मानूस शिजंल."

घड्याळ त्यांना आगाऊ वाटलं. "उशीर झाल्याला घरची मानसं सांगत्यात की." रेडिओच्या बाजूने मात्र सगळी आळी होती. गुरुवारपर्यंत आबांचा निर्णय होईना आणि बहिणीच्या जिवाला घोर लागला. शेवटी शुक्रवारी ते सासूबाईंनाच घेऊन पुण्याला आले. खुर्चीचा सोपस्कार झालाच.

दुकानात शिरताच आबांनी विक्रेत्याच्या हातावर आपलं उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव असा कापडाखाली बोटं धरून ठरतो. सुटाबुटातल्या त्या गृहस्थाला काय कल्पना! त्याने आबांचा अख्खा पंजा धरून जोरात हलवला. आबांच्या हिशेबी त्याने पाच बोटं धरून यादीच्या सामानाचे वर पाचशे मागितले. "न्हाई जमायचं, राव," म्हणून ते उपरणं झटकून निघालेसुद्धा. इथले भाव छापील असतात, हे पटवून त्यांना परत आणताना मला घाम फुटला.

मग त्यांनी सासूबाईंना बिनयादीच्या गाडीत बसायला सांगितलं. एक पाय आत गेला, दुसरा येईना. आबांनी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. शेजारी सगळ्या सामानानिशी सजलेली गाडी होती. त्या तिच्याकडे गेल्या. चाचपडता चाचपडता दारापाशी पट्टा हाती लागला, तो धरून त्यांनी अंग उचललं आणि आत बसल्या. पदर सारखा केला. मग उतरल्या, आणि कोणी न सांगता पुन्हा चढल्या.

आबांनी यादीची घडी करून खिशात टाकली. "समदं द्या," ते म्हणाले.

"एका पट्ट्यासाठी सगळं घेताय, आबा?"

"बाकीचं त्याच्यासंगं येतंय, तर येऊ दे."

रविवारी आम्ही डिंभ्याला गेलो. ड्रायव्हर नवखा, हीटर चालू झाला तो त्याला बंद करता येईना. दारात पोचलो तेव्हा आम्ही सगळे घामाने निथळत होतो. आबांनी कोणाला दरवाज्याजवळ जाऊ दिलं नाही. सासूबाई पट्टा धरून आपल्या आपण उतरल्या. ओट्यावरच्या म्हातारीने सरकून लेकीला जागा करून दिली. माझे डोळे भरून आले.

निघायच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "आता आलीया तर ऱ्हाते चार दिस. तुमी जावा."

घोडेगाव आलं तसा आबांनी मागच्या सीटवर शेजारचा पट्टा चाचपून पाहिला. मग हळूच म्हणाले, "चारच दिस म्हनली न्हवं?"

मी हो म्हटलं. ते मनापासून खूश होते, आणि त्यांना करमतही नव्हतं.