बिनलग्नाच्या विहिरीचं पाणी

नमस्कार मंडळी. चार महिने झाले, या ग्रुपवरचे अनुभव नातसून मला वाचून दाखवते. चिंचेखालची बाई, उलट्या पायांचा माणूस, मागून हाक मारणारा कुणीतरी... मला यातला एकही खरा वाटलेला नाही. राग येत असेल तर येऊ द्या. मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आहे, सत्याऐंशी वर्षांचा आहे, आणि आयुष्यात एकदाही दाराला लिंबू-मिरची बांधलेली नाही. बायकोनं अबोला धरला तरी नाही.

तरी लिहितोय. कारण परवा इथं कुणीतरी लिहिलं, 'शिकलेल्यांनाही असे अनुभव येतात, पण सांगायला घाबरतात.' मी घाबरत नाही. फक्त माझ्या गोष्टीत भूत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कमेंटमध्ये कुणी हात जोडू नयेत.

तर... भिलाई. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी पेटायची होती, त्याच्या आधीचा पावसाळा. वडील रेल्वेत होते, दुर्गला आमचं क्वार्टर. मी नागपूरहून डिग्री घेऊन आलो आणि एका कॉन्ट्रॅक्टरकडे पाणी तपासायच्या नोकरीवर लागलो. लॅब म्हणजे पत्र्याची शेड, एक लांब टेबल आणि काचेच्या बाटल्या. रुआबांधा गावाच्या अंगाला या कॉन्ट्रॅक्टरच्या मजुरांचा कॅम्प होता. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली छत्तीसगढी माणसं. नवरे खोदकामावर, बाया डोक्यावर काँक्रीटची घमेली घेऊन चढायच्या. शेजारची रिसाली तेव्हा नुसती शेतं होती.

कॅम्पातली माणसं पाणी प्यायची जवळच्या जुन्या तळ्याचं. त्याच तळ्यात म्हशी, त्याच तळ्यात धुणं, आणि पावसात सगळ्या कॅम्पाची घाण वाहत जायची तीही त्यातच. मी ते पाणी तपासलं आणि हादरलो. मग माझ्याच रिपोर्टवरून उंचावर नवी विहीर खणली. पक्की बांधलेली, वर ओटा, कप्पी, दोर. तिचं पाणी मी तीनदा तपासलं. उत्तम पाणी, बोट ठेवायला जागा नाही.

आणि एकही माणूस ते पाणी पिईना.

आमचे ओव्हरसियर ढोबळेजी, वर्ध्याकडचे, त्यांनी चौकशी करून सांगितलं, "अरे, ते म्हणून राहिले का विहीर कुंवारी हाय. लगन नाही झालं तिचं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही. तिकडे नव्या तळ्याचं, नव्या विहिरीचं लग्न लावतात. रीतसर — हळद, मांडव, जेवणावळ, लाकडाचा खांब नवरदेव म्हणून रोवायचा. लग्न होईपर्यंत ते पाणी तोंडाला लावायचं नाही. जुन्या तळ्यात मधोमध तसला खांब होता, तेव्हा ते चालत होतं. त्यात म्हशी बसल्या तरी चालत होतं.

"मग लावा ना लग्न," मी म्हणालो. "मी अक्षता टाकायला येतो."

"कायले लावतील आता? देव झोपले. कार्तिकात देवउठनी होईल, तवाच मुहूर्त निघन."

म्हणजे अजून तीन महिने. आणि कॅम्पात हगवण-उलट्या सुरू झालेल्या. आठवड्यात दवाखान्याचा तंबू भरला. दोन माणसं गेली. दुकलहीन दाई (तिकडे आईला दाई म्हणतात) म्हणून एक म्हातारी होती, कॅम्पातल्या बायांचा सगळा कारभार तिच्या शब्दावर चालायचा. तिची सून तंबूत सलाइनवर पडली होती आणि सुनेचं तीन महिन्यांचं पोर दाईच्या मांडीवर रडत होतं. मी दाईला माझे रिपोर्ट दाखवले. हो, इंग्रजीतले रिपोर्ट, निरक्षर बाईला. बावीस वर्षांचा होतो, अक्कल तेवढीच.

तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "बाबू, कागज ल कोन पीही?"

कागद कोण पिणार. चूक नव्हतं तिचं. मी चिडलो आणि म्हणालो, "कागद नको. पाणी मी पितो, सगळ्यांसमोर. मला काही झालं तर पिऊ नका."

तिनं पोराला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तैं पी. फेर मैं पीहूँ. मैं पीहूँ त सब पीहीं." तू पी, मग मी पिईन, मी प्यायले की सगळे पितील.

सुट्टीचा दिवस धरला. सकाळचे दहा वाजले असतील, पावसानं उघडीप दिलेली, स्वच्छ ऊन. सगळा कॅम्प विहिरीभोवती गोळा झालेला. माझ्या भांड्यावर कुणी संशय घेऊ नये म्हणून लोटा दाईचा, पितळी. बादली मी स्वतः ओढली. ओट्यावर उभा राहिलो, लोटा भरला आणि तोंडाला लावला.

कडू.

कडू म्हणजे साधं नाही... काडेचिराईत रात्रभर भिजवून त्याचा अर्क तोंडात धरावा तसं कडू. जीभ आत ओढली गेली. माझ्यासमोर तीनेकशे माणसं होती, बायांच्या कमरेवर रिकाम्या घागरी होत्या आणि सगळ्यांची नजर माझ्या गळ्यावर होती. मी थुंकलो असतो, नुसतं तोंड वाकडं केलं असतं, तरी ती सगळी माणसं सरळ तळ्यावर गेली असती.

मी सगळा लोटा संपवला. तोंड पुसलं. आणि म्हणालो, "मीठा हे."

खोटं बोललो. विज्ञानाच्या नावानं, भर उन्हात, तीनशे माणसांपुढं. लाज वाटली का? वाटली. तशीच वेळ आली तर पुन्हा बोलेन.

मग दाई पुढं आली. लोटा त्याच बादलीतून भरला. सावकाश प्यायली, मध्ये न थांबता, आणि पूर्ण वेळ तिची नजर माझ्यावर. तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. लोटा खाली ठेवला, पदरानं ओठ टिपले आणि मागं वळून बायांना म्हणाली, "मीठा हे."

घागरी भरायला रांग लागली. एका माणसानंही कडू म्हटलं नाही. पंधरा दिवसांत तंबू रिकामा झाला. दाईची सून उठून बसली.

आता तुम्ही कारणं सांगाल. मी तुमच्या आधी सांगतो. ब्लीचिंग पावडर? ती टाकायचं काम माझं होतं, आणि त्या आठवड्यात टाकलेली नव्हती. तिचा वासही लपत नाही. कोयनेल, म्हणजे क्विनाइन? मला ताप नव्हता, गोळी घेतलेली नव्हती. लोट्याला कल्हई नव्हती म्हणून? मग त्याच लोट्यानं पिताना दाईनं तोंड कसं वाकडं केलं नाही? भीतीनं तोंडाची चव गेली? मीही हेच धरलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटफुटीला, बघायला कुणी नसताना, स्वतःच्या पेल्यानं प्यायलो. कडू. त्याच बादलीतलं पाणी बाटलीत भरून शेडमध्ये आणलं, तपासलं. आकडे पहिल्यासारखेच. टेबलापाशी बसून प्यायलो, तर गोड. अगदी गोड.

ढोबळेजींना विश्वासात घेतलं. ते ओट्यावर बसून दोन पेले प्यायले. "मले तं मस्त लागून राहिलं बे. तुयंच तोंड कडू हाय, तुले कोण काय करन?"

मी हट्टाला पेटलो. ढोबळेजींनी माझे डोळे उपरण्यानं बांधायचे आणि तीन पेले द्यायचे — एक याच विहिरीचं, एक दुर्गच्या घरून आणलेलं, एक लॅबमधलं. ओट्यावर बसवलं, तर दर वेळी विहिरीचं पाणी बरोबर ओळखलं. शेडमध्ये बसवलं, तर एकदाही ओळखता आलं नाही. सहा दिवस हा खेळ केला. सातव्या दिवशी ढोबळेजी म्हणाले, "कावून जीवाले तरास करून घेऊन राहिला? लोक पिऊन राहिले ना? मंग झालं तं." त्या माणसानं हे कुणालाही सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

कार्तिक आला. देवउठनी झाली आणि दाई हळदीचे तांदूळ घेऊन मला बोलवायला शेडवर आली. गेलो. म्हटलं होतं ना, अक्षता टाकायला येतो. मांडव, गाणी, हळद लावलेला खांब, सगळं साग्रसंगीत. लग्न लागल्यावर पहिली बादली दाईनं स्वतः ओढली, तोच लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला.

मी तिला हळूच विचारलं, "दाई, खरं सांग. त्या दिवशी पाणी कसं लागलं होतं?"

ती म्हणाली, "तैं का कहे रहे?"

"मीठा म्हणालो होतो."

"त मोला घलो मीठच लागिस," ती म्हणाली. म्हणजे, 'मग मलाही गोडच लागलं.'

एवढंच. हसली नाही, डोळे मिचकावले नाहीत. तिला खरंच गोड लागलं होतं, की माझ्यासारखंच कडू लागलं होतं आणि नातवंडाकडे बघून तीही माझ्याइतकंच खोटं बोलली — मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, का मला सांभाळून घेतलं होतं?

लोटा माझ्या हातात होता. एक घोट घेतला असता तर निदान निम्मं उत्तर मिळालं असतं. अजून कडू लागलं असतं, तर लग्नाचा काही संबंध नाही हे पक्कं झालं असतं. गोड लागलं असतं, तर... तर काय, ते मला बघायचं नव्हतं. मी पोट भरलंय म्हणालो आणि लोटा दाईला परत दिला. डोळे बांधून सहा दिवस पाणी पिणारा मी, सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग तेवढा केला नाही. त्या ओट्यावर पुन्हा चढलो नाही, आणि महिन्याभरात माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली.

म्हणून देवीचा कोप वगैरे म्हणणाऱ्यांना सांगतो — अर्धवट सोडलेल्या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही, तुमचंही नाही. आणि 'आजोबा, तुम्हाला भास झाला' म्हणणाऱ्या माझ्या शिकलेल्या नातवंडांना सांगतो, ते पाणी मी प्यायलोय, तुम्ही नाही. ते कडू का लागलं, मला माहीत नाही. माझ्या हातात लोटा होता आणि मी प्यायलो नाही, हे मात्र माहीत आहे.