पाण्यातली आवणी
टॉवेलला स्विमिंग पुलाच्या पाण्याचा वास आला की तो दिवस आठवतो. माझ्या कापडाच्या लूमवर उडणाऱ्या रुईनं आमच्या म्हातारीला, माझ्या बायकोला, बारमाही शिंका. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि छाती मोकळी व्हायला पाण्यातला व्यायाम सांगितला. मी म्हटलं, "या वयात? लोकं हसतील." "हसू द्या. तुमची रुई खाऊन शिंकतेय मी, लोकं न्हाय," म्हणत ती रिक्षात बसली. तिला परत आणायला मीही मागोमाग गेलो. पुलात सगळ्या बायका पुढं चालत होत्या, ही एकटीच वाकून मागं सरत होती. शिकवणारी ओरडली, "आजी, पुढं चला!" "भाताच्या आवणीत, रोपं लावताना, बाई मागंच सरते, पोरी!" ही थांबलीच न्हाय. तिला परत न्यायचं सोडून मी काठावर बसलो. आता शिंका कमी हायेत. मी म्हणतो, गोळ्यांनी. पण तिचा टॉवेल रोज मीच वाळत घालतो.