बारा फुटांवरची माणसं

साखळीवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खात्यात साखळीचं एक टोक धरून चौतीस वर्षं काट्याकुट्यांतून चालले. पुढे साखळी गेली, टेप आला, मग यंत्र आलं. पण त्यांचे पाय मोजतच राहिले. पाच पावलं म्हणजे बारा फूट. झोपेतून उठवून चालायला लावलं तरी बोटभर फरक पडायचा नाही.

निवृत्तीनंतर याच पायांवर त्यांनी काळ्यापांढऱ्या फोटोंचा नाद पोसला. कॅमेरा जुना, हातात घेतला की मनगट वाकवणारा. भिंगावर बारा फुटांचा आकडा लावून ठेवायचा, म्हणजे तेवढ्या अंतरावरचं माणूस नेमकं रेखीव येतं. रस्त्यात कुणी मनात भरलं की त्याला ओलांडून पाच पावलं पुढे जायचं, वळायचं आणि खटका दाबायचा. त्या माणसाला कळायच्या आत सगळं आटोपलेलं. ओझं उतरवून मान चोळणारा हमाल, दुकान उघडता उघडता जांभई देणारी बाई, चपला उशाला घेऊन बाकावर निजलेला म्हातारा. रंगांची लुडबुड नाही. ऊन आणि सावली, बस्स.

मग डोळ्यांत धुकं उतरलं. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढं टिकेल. सुधारायचं नाही."

त्यांची मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुकीला तिच्याकडे दयामाया नव्हती. ती म्हणाली, "बाबा, आता पुरे. जे दिसतच नाही त्याचे फोटो काय काढायचे?"

"मी डोळ्यांनी काढतो कुठे? पायांनी काढतो."

"पायांनी म्हणे! उद्या कानांनी जेवाल."

शेवटी ठरलं. एक रोल, छत्तीस फोटो. माणसं धूसर आली तर कॅमेरा तिच्या कपाटात आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

चार दिवस साखळीवाले रस्त्यावर फिरले. रविवारी दुपारी न्हाणीघराच्या दाराच्या फटींना चादरी लावून अंधार केला, चाचपडत फिल्म डबीत भरली, वर औषध ओतलं. बायको घड्याळ घेऊन बसली. "अहो, हलवा, मिनिट झालं," असं दर मिनिटाला बजावत राहिली. औषधातून आणि पाण्यातून निघालेली निगेटिव्हची ओली पट्टी चिमट्यांनी दोरीला लावली, तेव्हा मुलगी भिंग घेऊन पुढे सरसावली. साखळीवाले पालथ्या बादलीवर बसले.

"पहिला धूसर," ती म्हणाली. "दुसराही. तिसरा... ही बाई आहे की पोतं?"

"पुढचं बघ गं, तिथंच काय घुटमळतेस," आई म्हणाली.

चौथा, पाचवा, आठवा. एकही धड नाही. मुलीचा आवाज उतरत गेला. आता तिलाच वाचवेना. अकरावा ऐकल्यावर साखळीवाले उठले. तिनं मागायच्या आत आपणच कॅमेरा आणून तिच्या हाती द्यावा, एवढा मान तरी राखावा, म्हणून ते दाराकडे वळले.

"थांबा, बाबा!"

ती पट्टीला नाक लावून उभी होती. "बाराव्यातल्या माणसाच्या दाढीचे खुंट मोजता येतील. तेरावा लख्ख. चौदावाही..." आणि मग ती थांबेचना. छत्तिसापर्यंत दोन सोडले तर सगळे नीट.

"मग आधीच्या अकरांना काय धाड भरली?" आई म्हणाली.

"बाराव्यात कोण आहे?" साखळीवाल्यांनी विचारलं.

"मोची. मांडीवर बूट घेऊन बसलाय."

"अगं, तो बूट माझा!"

मग सगळा उलगडा झाला. बाबा कुठे घसरू नयेत म्हणून मुलीनंच जाड तळव्यांचे नवे बूट आणले होते. त्या बुटांनी टाच सोलली. साखळीवाले लंगडत चालले, पावलं आखूड पडली आणि पाच पावलं नऊ फुटांतच संपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट सैल करायला मोच्याकडे दिले आणि अनवाणी पाच पावलं मोजून त्याचाच फोटो काढला. तिथून पुढे जुन्या चपला.

"मग सांगायचं नाही का, बूट चावतात म्हणून?"

"तू हौसेनं आणलेले. बोलवेना."

मुलगी आधी ओशाळली, मग खळखळून हसली. आईही पट्टीत डोकावली. "अगंबाई, या उलट्या फोटोत पांढरे केस काळे दिसतात की! अहो, तुमचा एक काढून घ्या."

"कॅमेरा तुमच्याकडेच राहू दे," मुलगी म्हणाली. "पण रस्ता ओलांडताना माझा हात धरायचा."

"धरीन. पावलं मोजताना मात्र सोडायचास."

साखळीवाले पुन्हा बादलीवर बसले. ते म्हणाले, "आता बाराव्यापासून परत सांग. सावकाश. कोण कोण आलंय ते मला ऐकू दे."

मुलीनं भिंग डोळ्याला लावलं आणि छापखान्यात वाचते तसं, काही न गाळता, वाचू लागली. "मोची. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलीय. दातांत दोरा..."