जाधवकाकांच्या भाकऱ्या

नवऱ्याला मी जवळजवळ सगळं सांगते. हे नाही सांगितलं. सुनीताला तर कधीच नाही. शाळेपासूनची मैत्रीण, पण गोष्ट तिच्याच आईवडिलांची — मग कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ रेटतेय बहुधा.

नव्वदीच्या दशकात आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. बाबा कारखान्यात ऑफिसर, आणि मी मुंबईच्या एका कॉलेजात व्हिडिओ निर्मितीचा डिप्लोमा करत होते. घरात तो कुणालाच पटला नव्हता. "लग्नाच्या कॅसेटी काढणार का?" आत्या विचारायची. मला तिचं तोंड बंद करायचं होतं — हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी कलेबिलेच्या गप्पा मारत बसेन. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची. ती चांगली झाली की सर ओळखीच्या निर्मात्यांकडे शब्द टाकायचे.

मी विषय घेतला कारखान्यात काम करणाऱ्या बायका. म्हणजे इंदूमावशी, सुनीताची आई. त्या जवळच मोरिवलीत राहायच्या, पॅकिंग खात्यात होत्या. कॅमेरा उल्हासनगरहून आणला, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका सिंधी काकांकडून. मुहूर्त नसेल तेव्हा ते द्यायचे. कॅसेटही त्यांचीच. "बेटी, काम हो जाए तो कॅसेट वापस. इसी पर अगली शादी उतारेंगे."

मावशी कॅमेरा विसरून बोलल्या. बोलता बोलता माहेरच्या एका गोष्टीवर आल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. मग सावरून म्हणाल्या, "हे नको गं घालूस. ह्यांनापण ठाऊक नाही." मी म्हटलं, नाही घालणार. विषय बदलायचा म्हणून त्यांच्या यजमानांबद्दल विचारलं, काका कसे आहेत हो तुमचे? तर मावशी खळखळून हसल्या. "ते? माझी सेकंड शिफ्ट असली ना, की भाकऱ्या तेच थापतात. माझ्यापेक्षा गोल!"

तेव्हा एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर. एकावर लावायचं, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवायचं. सरांनी फिल्म पाहिली आणि जांभई दिली. बाई सारखी हसतेय, म्हणाले, हिचं दुःख कुठंय?

कुठं होतं, ते मला माहीत होतं ना.

मी माझा प्रश्न ठेवला — काका कसे आहेत हो तुमचे? पुढचं हसू काढून टाकलं. त्या जागी ते रडणं लावलं. शब्द एकही नाही, नुसते डोळे. म्हणजे वचन मोडलं नाही, हो की नाही? असं मी स्वतःला खरोखर समजावलं. सरांनी पाठ थोपटली. मी हवेत होते.

सुनीता हट्टाला पेटली, आमच्या वस्तीत दाखव म्हणून. नाही म्हणायला कारण काय देणार? रविवारी विहारात वंदना झाल्यावर टीव्ही लावला. जाधवकाका, मावशींचे यजमान, इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते. ती जागा आली. सगळे काकांकडे बघायचं टाळत होते. मावशींनी मात्र माझ्याकडे पाहिलं — एकदाच. त्या तरी काय बोलणार? ह्यांच्यामुळे नाही रडले म्हटलं, तर कशामुळे, ते सांगावं लागलं असतं.

चपला घालताना काकांनी मला बाजूला घेतलं. "बाळा, ती माझ्याबद्दल काही बोलली का गं कॅमेऱ्यापुढं? माझं काही चुकतंय का?"

मावशींच्या गुपिताला हात न लावता सांगता आलं असतं. काका, तुमचं नाव काढल्यावर मावशी हसल्या. एवढंच! पण मग ते हसू कुठे गेलं, हेही सांगावं लागलं असतं. आणि सरांनी एका निर्मात्याकडे शब्द टाकला होता. मी म्हटलं, "काका, फिल्ममध्ये असंच असतं."

"हां, हां. तुमचं शिक्षणातलं असंल," ते म्हणाले.

मला नोकरी लागली. आत्याचं तोंड बंद झालं.

काही वर्षांनी काका गेले. मी भेटायला गेले तर मावशींनी माझा हात धरला — रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "शेवटपर्यंत विचारायचे, मी तुला रडवलं का गं? मी सांगायचे, अहो, तुमचं नाव काढलं तर मी हसले होते. तर म्हणायचे, मी बघितलंय ना डोळ्यांनी." सुनीता चहा घेऊन आली. मी तो प्यायले आणि घरी आले.

एक अजून राहिलंय. काकांनी विचारलं त्या रविवारी मूळ कॅसेट माझ्या कपाटातच होती, हसण्यासकट. मोरिवलीत नेऊन तेवढं हसूच लावलं असतं, की झालं असतं. सोमवारी मी कॉलेज बुडवलं, उल्हासनगरला गेले आणि ती परत दिली. सिंधी काका म्हणाले, दोन दिवस ठेव हवी तर. मी म्हटलं, नको, लग्नांचे दिवस आहेत, तुम्हाला लागेल.