आतली कडी

कडीमावशीला सिनेमा बघणं म्हणजे शिक्षाच. सगळी हयात लोकांच्या दारांना कड्या-कुलपं बसवण्यात गेलेली, हात जरा रिकामे राहिले की बाई घोरायला लागायची. पण शेजारची शिंपीण हट्टालाच पेटली. "अगं, जुना स्पॅनिश आहे, प्रेमाचा आहे, चल ना!" म्हणत तिने मावशीला दुपारच्या खेळाला ओढत नेलं.

प्रेम कसलं डोंबलाचं! पडद्यावरच्या घोडेवाल्याने एका मास्तरणीला केसांना धरून फरपटत आणलं. पेचकस घेऊन खोलीची आतली कडी काढली, दार बाहेरून लावलं. ती पळाली तेव्हा पकडून तिचं थोबाड फोडलं. मग तोच मेला तिचे ओठ पुसत बसला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर" म्हणाला, आणि ती बया त्याच्या गळ्यात पडली! थिएटरभर टाळ्या. शिंपीण तर मुसमुसत होती.

कडीमावशी मात्र त्या कडीपाशीच अडकली होती. लेकीच्या घरी तिने हेच काम केलं होतं. जावई म्हणाला होता, "आई, आतल्या खोलीत माल ठेवायचाय. बाहेरून भक्कम कडी लावा, आतली काढून टाका." लाडका जावई! मावशी आरपार बोल्ट मारून आली होती. तेव्हापासून लेकीला फोन केला की तोच उचलायचा. झोपलीय. ताप आहे.

"मालाला आतली कडी कशाला आड येईल गं?" ती मोठ्याने म्हणाली.

"शू, गप बस!" शिंपीण म्हणाली. पण मावशी कधीच उठली होती.

जावयाने दार थोडंसंच उघडलं. "झोपलीय ती." मावशीने कायम खांद्याला असलेल्या कामाच्या पिशवीतली हातोडी काढून त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो किंचाळला, पण पडला नाही. त्याने तिचा गळा धरला, डोकं चौकटीवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं. तिने आंधळेपणानेच दुसरा घाव घातला, तो त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तिने आतल्या खोलीची कडी ओढली. लेक उभी होती. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. जिथे आतली कडी होती तिथलं लाकूड नखांनी ओरबाडलेलं. मावशीला स्वतःच्या हातांची किळस आली.

लेक उंबऱ्याबाहेर आली, तोच मागून जावई लंगडत धावून आला. लेकीने बाजूला होऊन त्याला पाठीत सगळा जीव एकवटून ढकललं. तो खोलीत तोंडावर आपटला. तिने दार ओढलं, कडी सरकवली.

आतून तो दारावर थापा मारायला लागला, मग रडायला लागला. "माझं प्रेम आहे गं तुझ्यावर! उघड ना!"

लेकीचा हात कडीकडे गेला. मावशीच्या हातात हातोडी होती, पण हे दार काही तिने राखायचं नव्हतं.

लेकीने कडी हलवून बघितली.

"आई, निघणार नाही ना?"

"मी बसवलीय," मावशी म्हणाली. "चल."